खेळाडू तुमच्या गेमचं संगीत म्यूट करतात? ट्रॅक बदलण्याआधी हे तपासा

"मामा, गाणी भारी आहेत, पण मी ती बंद करून खेळलो." दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने हे इतक्या सहज सांगितलं की मला राग यायलाही वेळ लागला.

आम्ही दोघं मित्र नोकऱ्या सांभाळून गोडो या फुकट गेम इंजिनमध्ये (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एक छोटा फँटसी गेम बनवतोय. डोंगरातलं राज्य, एक गाव, जंगल, खाली गुहा, आणि गुहेत जे असायला हवं ते आहेच. चित्रं त्याची, कोड आणि आवाज माझ्याकडे. त्या दिवाळीपर्यंत मी सगळं संगीत तीनदा बदललं होतं. दर वेळी आधीपेक्षा भारी ट्रॅक शोधायचे, दोन आठवडे खुशीत काढायचे, आणि मग खेळून बघणाऱ्यांपैकी कुणीतरी तेच म्हणायचं: कंटाळा आला, डोकं भणभणलं, बंद केलं.

चौथ्यांदा बदलायला बसलो तेव्हा कुठे डोक्यात आलं, की आपण ट्रॅक निवडतो तरी कसे? रात्री, हेडफोन लावून, डोळे मिटून. अंगावर काटा आला की ट्रॅक पक्का. गोम तिथेच होती. खेळाडू डोळे मिटून बसलेला नसतो. तो पळत असतो, बाण मारत असतो, गावकऱ्यांशी बोलत असतो, आणि ती धून एकदा नाही, शंभरदा ऐकत असतो. सणाचं श्रीखंड मी त्याला तिन्ही त्रिकाळ वाढत होतो.

तेव्हा हीच तक्रार तुमच्याकडेही फिरून फिरून येत असेल, तर नवा ट्रॅक शोधायला लगेच धावू नका. आमच्या नऊ ट्रॅकपैकी सहा मुळात वाईट नव्हतेच. ते चुकीच्या जागी, चुकीच्या तऱ्हेने वाजत होते.

आधी अर्धा तास संगीताशिवाय खेळा

करवत नाही, पण करा. पावलं, वारा, तलवार, दारं, संवाद एवढंच चालू ठेवा. शेजारी कागद ठेवा आणि जिथे शांतता खरंच खटकेल तेवढीच जागा लिहा. माझ्या कागदावर पाचच नोंदी झाल्या: सुरुवातीचा पडदा, गावात टाकलेलं पहिलं पाऊल, जंगलातून पहिल्यांदा किल्ला दिसतो ते वळण, लढाई आणि मरण. गुहेत तर उलटंच झालं. पाण्याचे थेंब आणि स्वतःच्याच पावलांचा घुमणारा आवाज, एवढ्यावर मला माझ्याच गेमची भीती वाटली. सहा महिने मी त्यावर चेलो वाजवत ठेवला होता!

अशा खेळण्यातून खरं दुखणंही कळतं. "संगीत बोअर आहे" याचा अर्थ कधी कधी "इथे करण्यासारखं काही नाही" असा असतो. आमच्या जंगलातल्या पूर्वेकडच्या वाटेचं तसंच होतं. तिथे दोन ट्रॅक बदलून झाले होते. शेवटी वाट निम्मी केली, तक्रार संपली.

गावात कंटाळा येतो

साधा हिशोब करा. आमच्या गावाची धून दीड मिनिटाची. येत-जात, सौदे करत, माणसांशी बोलत खेळाडू गावात एकूण तीन तास तरी काढतो. १८० मिनिटं भागिले दीड, म्हणजे १२० आवर्तनं. त्या धुनेत पन्नासाव्या सेकंदाला बासरीची एक देखणी हरकत होती. खरं सांगायचं तर ट्रॅक घेतला तो तिच्यासाठीच. आणि लोक वैतागले होते नेमके तिलाच. जी जागा पहिल्यांदा लक्ष वेधून घेते, तीच दुसऱ्यांदा आल्यावर "अरे, परत तेच" असं सांगते. बाकीची धून बिचारी पाठीमागे गुपचूप चालली होती, तिच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

म्हणून जिथे मुक्काम लांब, तिथे चाल पुसट हवी: लांब सूर, सैल लय, लक्षात राहील असं फार काही नाही. गुणगुणता येईल अशी चाल सुरुवातीच्या पडद्यासाठी, मोठ्या शत्रूसाठी, एकदाच घडणाऱ्या प्रसंगासाठी राखून ठेवा. ट्रॅकची वाद्यं सुटी मिळत असतील तर अवश्य घ्या. संगीतकाराला किंवा विकणाऱ्याला 'स्टेम्स' आहेत का विचारायचं, बऱ्याचदा असतात. मी बासरी वेगळी काढली आणि ती चार आवर्तनांत एकदाच येईल असं केलं. आता तीच हरकत लोकांना आवडते.

दुसरा उपाय म्हणजे सतत वाजवू नका. माइनक्राफ्टमध्ये एक धून संपली की पुढची सुरू व्हायला कित्येक मिनिटं जातात, आणि म्हणूनच ती सुरू झाली की बरं वाटतं. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये (२०१७) मोकळ्या माळावर सलग धून नाहीच, पियानोचे तुटक सूर अधूनमधून येतात आणि विरतात. आमच्या गावात दोन आवर्तनं झाली की संगीत हळूहळू विरतं, मग दीडेक मिनिट कोंबडे, रहाट आणि लोहाराचा घण. एक टायमर लागला, बाकी काही नाही.

लढाई संपली की धून पहिल्यापासून

सगळ्यात जास्त वेळ याच दुरुस्तीत गेला, आणि सगळ्यात जास्त फरकही हिच्यामुळेच पडला.

आमच्या जंगलाची धून तीन मिनिटांची. दर मिनिट-दीड मिनिटाला एखादा लांडगा आडवा येतो. लांडगा आला की जंगलाचं संगीत बंद, लढाईचं चालू. वीस सेकंदांत लांडगा मेला की लढाईचं बंद आणि जंगलाचं पुन्हा पहिल्यापासून. याचा अर्थ असा, की त्या धुनेचा उत्तरार्ध कुणाच्या कानावर कधी पडलाच नाही, आणि पहिलं मिनिट प्रत्येकाने पन्नास वेळा ऐकलं. लढाईच्या ट्रॅकची तर अजूनच वाईट गत. त्यात आधी पंधरा सेकंद नगारे चढत जातात आणि मग खरी धून सुरू होते. लढाई वीस सेकंदांची. म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या ट्रॅकचे पाच सेकंद वाजत होते.

आधी हे करा: पहिली धून बंद करू नका, फक्त थोपवा. गोडोमध्ये ट्रॅक वाजवणाऱ्या नोडचं 'स्ट्रीम पॉझ्ड' हे सेटिंग खरं केलं आणि लढाईनंतर खोटं केलं की ती थांबली होती तिथूनच पुढे जाते. इतर इंजिनांत थांबलेली वेळ साठवून तिथून सुरू करता येते. एका ओळीचं काम, आणि निम्म्या तक्रारी इथेच संपल्या.

मग लढाईच्या ट्रॅकचा तो चढाव कापून टाका. तो मोठ्या शत्रूसाठी ठेवा. लांडग्यासारख्या किरकोळ शत्रूला वेगळा ट्रॅक कशाला? जंगलाच्याच धुनेचा ढोलाचा एक वेगळा थर बनवा, तेवढ्याच लांबीचा, त्याच लयीचा. दोन्ही थर एकाच क्षणी सुरू करायचे, ढोलाचा आवाज शून्यावर ठेवायचा, शत्रू दिसला की वर न्यायचा. धून तुटत नाही, फक्त तापते. गोडो ४.३ पासून (२०२४) यासाठी 'ऑडिओ स्ट्रीम सिंक्रोनाइझ्ड' आहे. ही युक्ती काही आजची नाही. लुकासआर्ट्स या गेम कंपनीत मायकल लँड आणि पीटर मॅकॉनेल यांनी 'आयम्यूज' नावाची यंत्रणा केली आणि ती १९९१ च्या 'मंकी आयलंड २'मध्ये वापरली. प्रसंग बदलला की चालू संगीतच न तुटता वळण घेतं. आपण तीस वर्षांनंतरही बटण दाबून ट्रॅक बदलतोय.

तरी एक त्रास राहतो. शत्रू दहा मीटरच्या आत आला की ढोल चालू, बाहेर गेला की बंद, असं लिहिलं असेल तर खेळाडू बरोबर दहा मीटरवर घुटमळतो आणि ढोल नादुरुस्त ट्यूबलाइटसारखा चालू-बंद होतो. चालू व्हायची आणि बंद व्हायची अंतरं वेगळी ठेवा. आमच्याकडे दहाला सुरू होतो आणि पंधराच्या बाहेर सलग पाच सेकंद राहिलं तरच थांबतो.

मोठ्या शत्रूसाठी ट्रॅक बदलायचाच असेल तर तो मात्रेवर बदला. तबलजी मध्येच ठेका सोडत नाही, समेवर येऊन सोडतो. लय मिनिटाला ९० ठोक्यांची आणि चार मात्रांचा खंड असेल, तर एक खंड सुमारे २.६७ सेकंदांचा. गोडोच्या 'ऑडिओ स्ट्रीम इंटरॅक्टिव्ह'मध्ये पुढच्या ठोक्यावर किंवा पुढच्या खंडावर बदल करा असं सांगता येतं, मात्र त्याआधी ट्रॅक आयात करताना त्याची लय भरलेली असावी लागते. आता कुणी म्हणेल, राक्षस समोर आलाय आणि संगीत अडीच सेकंद समेची वाट बघतंय! बरोबर आहे. म्हणून राक्षस दिसताक्षणी नगाऱ्याची एकच जबरदस्त थाप वाजवा. तिचा घुमारा विरेपर्यंत नवा ट्रॅक समेवर येतो. दोन वेगळ्या पट्ट्यांतले ट्रॅक एकमेकांत विरघळवताना जो चिखल होतो, तोही या थापेखाली झाकला जातो.

जोडावर 'टक्' वाजतं किंवा क्षणभर पोकळी येते

फाइल एमपीथ्री आहे का बघा. एमपीथ्री ११५२ नमुन्यांच्या चौकटींत ध्वनी साठवतो आणि एन्कोडर (फाइल बनवणारा प्रोग्रॅम) सुरुवातीला व शेवटी थोडी शांतता भरतो. ४४.१ किलोहर्ट्झला एक चौकट साधारण २६ मिलिसेकंदांची असते. गाणं ऐकताना ते जाणवत नाही, पण लूप (तीच धून पुन्हा पहिल्यापासून) फिरताना ठेक्याला लंगडा करायला तेवढं पुरतं. ऑग किंवा वेव्ह प्रकारची फाइल वापरा. आणि हो, असलेल्या एमपीथ्रीचंच ऑग करून भागत नाही. ती शांतता आता ध्वनीचाच भाग झालेली असते. मूळ वेव्ह मागवा.

ऑग असूनही जोड जाणवत असेल तर घुमारा कापला जातोय. शेवटच्या सुराची आस पुढे जायला हवी आणि फाइल मात्र तिथेच संपते. संगीत ज्या प्रोग्रॅममध्ये आहे तिथे ते पाठोपाठ दोनदा ठेवा आणि फक्त दुसरं आवर्तन निर्यात करा. पहिल्या आवर्तनाची शेवटची आस दुसऱ्याच्या सुरुवातीवर आपोआप येते आणि जोड शोधूनही सापडत नाही. हे मला कुणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर!

नुसतं 'टक्' असेल तर लहर शून्यावर कापलेली नाही. ऑडॅसिटीमध्ये भाग निवडून 'झेड' दाबलं की निवड जवळच्या शून्यबिंदूवर सरकते.

ट्रॅक चांगला आहे, पण आपल्या गेमचा वाटत नाही

कुठल्याही संग्रहात 'एपिक फँटसी' शोधा. तेच ढोल, तोच समूहस्वर, तीच तुतारीसदृश पितळी वाद्यं. फँटसी म्हणजे ऑर्केस्ट्रा ही सवय आहे, नियम नाही. 'विचर ३'मध्ये (२०१५) पर्सिव्हल या पोलिश लोकसंगीताच्या गटाचे गायन-वादन आहे, आणि त्या जगाची चिखलमातीची चव त्यातून येते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या 'राजी'चं (२०२०) संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं आहे. म्हणजे इथलं संगीत इथल्याच माणसाने करायला हवं असंही नाही.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: या राज्यातली माणसं वाद्यं कशाची बनवत असतील? डोंगर, बांबू, मेंढ्या, थोडं तांबं. म्हणून बासरी, कातड्याची तालवाद्यं, तांब्याच्या थाळ्या आणि माणसाचा गळा. व्हायोलिनचे ताफे गेले. चारच वाद्यं ठरवल्यावर वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेले ट्रॅकही एका घरातले वाटायला लागले, कारण या चारांत न बसणारे मी निर्दयपणे काढून टाकले.

आता आपली खास अडचण. आपल्या वाद्यांना आठवणी चिकटलेल्या असतात. लढाईला मी हौसेने ढोल-ताशा लावला आणि पुण्यातले सगळे टेस्टर हसले: "विसर्जन आहे का रे?" टाळ-मृदंग आले की वारी, संबळ आलं की गोंधळ. आणि तुतारी? खरं बोलायचं तर ती आता लग्नाच्या हॉलमध्ये नवरदेवाच्या एंट्रीला वाजते. परदेशातल्या खेळाडूला यातलं काहीच आठवत नाही, त्याला ते नवं आणि थरारक वाटतं. तेव्हा आधी ठरवा की ऐकणारा कोण. मी ताशा काढला, ढोल ठेवला पण लय निम्मी केली, की मिरवणूक वाटणार नाही. देवीच्या देवळात संबळ मात्र मुद्दाम ठेवलं. तिथे आठवण आपल्या बाजूने काम करते.

सुरावटीचंही तसंच. इंग्रजी मार्गदर्शनात पाश्चात्य सुरावटींबद्दल वाचायला मिळतं की नवलासाठी लिडियन घ्या, भीतीसाठी फ्रिजियन, जुन्या काळासाठी डोरियन. पेटीवर बोटं फिरवलेल्यांना यात परकं काही नाही. नुसते स्वर पाहिले तर भातखंड्यांच्या थाटांतला कल्याण म्हणजे लिडियन, भैरवी म्हणजे फ्रिजियन, काफी म्हणजे डोरियन. पण भैरवीने भीती? आपल्या कानाला भैरवी म्हणजे मैफलीचा शेवट, निरोप. बासरीवर वाजवली तर गुहेतला राक्षससुद्धा गहिवरेल. तेच स्वर खर्जात, जाड तंतुवाद्यांवर, एकमेकांवर दाबून वाजवले की अंगावर येतात. म्हणून तक्ते बघून सुरावट निवडू नका. मला अस्वस्थपणा हवा होता तिथे मारव्याचे स्वर लागू पडले: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, आणि षड्जावर टेकायला मुद्दाम उशीर. ऐकणाऱ्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही, आणि का ते कळतही नाही.

नाणं उचललं की बेसूर वाटतं

हे फार उशिरा लक्षात आलं. नाण्याची 'टिंग' काळी तीनची, गावाची धून पांढरी एकची. दर नाण्याला दाताखाली खडा. नाणी, बटणं, दारूगोळा या सगळ्यांचे सुरेल आवाज त्या ठिकाणच्या षड्जाला किंवा पंचमाला जुळवून घ्या, नाहीतर सरळ खडखडाट वापरा. खडखडाटाला पट्टी नसते.

संवाद बुडतात, फोनवर नगारा गायब

ट्रॅक दहा ठिकाणांहून आणले तर आवाजाची पातळी दहा प्रकारची असते, आणि खेळाडू सर्वांत मोठ्या ट्रॅकला वैतागून सगळंच बंद करतो. यूलीनसारखं फुकट मीटर लावून सगळे ट्रॅक एका पातळीला आणा. सोनीच्या मार्गदर्शनात टीव्हीवर खेळायच्या संपूर्ण गेमसाठी उणे २४ आणि हातात धरायच्या यंत्रांसाठी उणे १८ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) अशी पातळी आहे, तीच धरून चाला. कुणी बोलत असताना संगीत सहा डेसिबलने खाली न्या आणि संवाद संपल्यावर हळू वर आणा, झटक्याने नाही. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्ज येतच नाही, म्हणून नगाऱ्याच्या थापेवर काठीचा एक कोरडा 'टक' चढवा. तो ऐकू येतो आणि कान नगारा स्वतः पूर्ण करतो.

परवाना

एका साइटवरून रीतसर पैसे भरून घेतलेल्या ट्रॅकवर आमच्या टेस्टरच्या यूट्यूब व्हिडिओला कॉपीराइटचा दावा आला. पावती जपलेली होती म्हणून सुटलो. पावती, परवान्याचा मजकूर आणि तारीख ट्रॅकशेजारीच त्याच फोल्डरमध्ये ठेवा. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांमधलं 'एनसी' (व्यावसायिक वापर नाही) असेल तर विकायच्या गेमला चालत नाही. 'एनडी'ही (बदल करायचा नाही) सोडा, कारण हलत्या चित्राला संगीत जोडणं त्या परवान्यात बदल केल्यासारखंच मानतात. 'बाय' (श्रेय द्या) असेल तर श्रेयनामावलीत नाव द्यायलाच हवं. आणि "चाल पारंपरिक आहे" म्हणून कुणाची जुनी ध्वनिफीत उचलू नका. चाल कुणाचीही नसेल, पण ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतात प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो.

भाचा मे महिन्यात परत आला आणि सलग दोन तास संगीत चालू ठेवून खेळला. गुहेत शिरल्यावर मात्र खेळ थांबवून माझ्याकडे वळला. "मामा, इथे गाणं लावायचं राहिलंय." मी म्हटलं, मुद्दाम नाही लावलं. त्याला पटलं नाही. त्यानंतर आणखी तिघांनी तो बग म्हणून कळवला. सध्या तिथे खर्जातला एकच सूर ठेवून बघतोय, तानपुऱ्यासारखा पण जवारी न उघडलेला, इतका हळू की हेडफोन नसेल तर कळूही नये.